विशेष बालकांचे गुरुजन

ज्युबिलीच्या पुस्तिकेंत बहुधा इमारतींचा इतिहास असतो. पाया कधीं घातला, घंटा कोठून आणविली, शाळेवर कौलें कोणाच्या देणगीनें चढलीं, हें सर्व वाचावयास गोड लागतें आणि तें लिहून ठेवणेंही योग्यच आहे. ह्या लेखांत मात्र आम्हीं निराळा इतिहास हातीं घेतला आहे. ज्या बालकास ऐकूं येत नाहीं, दिसत नाहीं, किंवा ज्याची समज इतरांच्या मानानें संथ चालते, त्यास शिकविणारा शिक्षक आजवर कसा तयार होत आला, हा तो इतिहास होय. अशा मुलांच्या शाळा कोणीं काढल्या हें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें सांपडतें; त्या शाळांतील शिक्षकास कोणीं शिकविलें, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें खरा प्रश्न तोच आहे.

भूम तालुक्यांतील ईट घ्या, कीं ह्या डोंगरपट्टींतील दुसरें कोणतेंही गांव घ्या. घरीं ज्याला ‘मुकं’ किंवा ‘येडं’ म्हणून हांक मारितात असें एखादें लेकरूं खेड्यांत असतेंच. आतां तें शाळेंत येतें, ही मोठीच गोष्ट झाली; पूर्वीं तें गुरांमागें जात असे. हजेरींत त्याचें नांव असतें, दुपारची खिचडी त्यास मिळते. परंतु पुष्कळदां तें शेवटच्या रांगेंत भिंतीला टेकून बसतें आणि फळ्यावरचें जग त्याच्या डोळ्यांसमोरून नुसतें निघून जातें. गुरुजी निर्दय असतात असें नव्हे. ह्या लेकरास काय शिकवावें आणि कसें, हें त्यांना कोणीं शिकविलेलें नसतें, इतकेंच.

नांवांविषयीं एक शब्द. मूकबधिर, अपंग, मतिमंद हे शब्द मागें पडले आणि त्यांच्या जागीं दिव्यांग, विशेष गरजा असलेलें बालक, असे शब्द आले. तें चांगलेंच झालें, कारण नांवानें मान राखला जातो. जुन्या गोष्टी सांगतांना जुने शब्द येतील, ते वाचकांनीं त्या त्या काळाचे समजावे.

सोळाव्या शतकांत स्पेन देशांतील ओन्या येथील मठांत पेद्रो पोन्से दे लेओन नांवाचे एक बेनेदिक्तीय संन्यासी राहत असत. जन्मतः बधिर असलेल्या माणसास विद्या येणें शक्य नाहीं, असें त्या काळीं मोठमोठे पंडितही मानीत. ह्या संन्याशांनीं सरदारघराण्यांतील अशीं मुलें लिहावयास व बोलावयास शिकविलीं आणि पंडितांचें तोंड बंद केलें. १५८४ सालीं ते वारले आणि त्यांची विद्या बहुतांशीं त्यांच्याबरोबरच गेली. त्यांनीं शिष्य घडविले होते, शिक्षक घडविला नव्हता.

ह्याच्या उलट गोष्ट पॅरिस शहरांतील आबे शार्ल-मिशेल द लेपे (१७१२-१७८९) ह्यांची आहे. हे साधे धर्मगुरु. एका घरीं दोन जुळ्या बधिर बहिणी त्यांच्या दृष्टीस पडल्या. ह्या मुलींस धर्माचें ज्ञान कोण देणार, ह्या काळजीनें त्यांनीं हें काम पत्करिलें. त्यांचें खरें थोरपण येथें आहे कीं, मुलींना आपली भाषा शिकविण्यापूर्वीं ते स्वतः त्यांच्या खुणा शिकले. १७६० च्या सुमारास त्यांची शाळा उभी राहिली. तेथें ते फी घेत नसत, आणि शिकविण्याची रीतही लपवून ठेवीत नसत. त्यांचे पाठ उघड चालत, व ज्यास शिकावयाचें असेल त्यानें येऊन बसावें. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ १७७७ सालीं पॅरिसला आला असतां त्यानें ही शाळा पाहिली आणि आपल्याकडील श्टोर्क नांवाच्या धर्मगुरूस शिकावयास पाठविलें. त्यांतून १७७९ सालीं व्हिएन्नाची शाळा निघाली.

त्याच शतकांत स्कॉटलंडमध्यें ब्रेडवूड घराणें बधिर मुलांना उत्तम शिकवीत असे. परंतु तें आपली रीत घराबाहेर जाऊं देत नसे. पोटाचा धंदा होता, म्हणून आम्ही त्यांना फार दोष देत नाहीं. आपल्याकडील कारागीरही आपला हात दुसऱ्यास सहसा दाखवीत नाहीं. परिणाम मात्र पाहण्यासारखा झाला. १८१५ सालीं थॉमस गॅलॉडेट नांवाचा एक अमेरिकन गृहस्थ हीच विद्या शिकावयास इंग्लंडांत उतरला. ब्रेडवूड मंडळींनीं इतक्या अटी घातल्या कीं तो निराश होऊन पॅरिसला गेला. तेथें द लेपे ह्यांचे उत्तराधिकारी आबे सिकार ह्यांनीं त्यास आपल्या वर्गांत बसवून घेतलें, आणि लोराँ क्लेर हा आपल्या शाळेंत शिकून शिक्षक झालेला बधिर तरुण त्याच्याबरोबर अमेरिकेस जाऊं दिला. १८१७ सालीं हार्टफर्ड येथें शाळा निघाली. एका दारावरून परत फिरविलेला विद्यार्थी दुसऱ्या दारीं गेला, आणि एका खंडाची खुणांची भाषा त्यामुळें ठरून गेली!

आणखी एक उदाहरण दिल्यावांचून राहवत नाहीं. आयर्लंडमधील काब्रा येथील डोमिनिकन भगिनींना बधिर मुलींसाठीं शाळा काढावयाची होती. त्यांनीं प्रथम इमारत बांधली नाहीं. १८४६ सालीं दोघी भगिनी दोन बधिर मुलींस बरोबर घेऊन समुद्रापलीकडे फ्रान्समधील काँ शहरीं गेल्या, तेथील बाँ सोव्हर मठाच्या शाळेंत राहिल्या, शिकल्या, आणि मग परत येऊन शाळा उघडली. मुलींना बरोबर नेण्यांतील शहाणपण आजच्या प्रशिक्षण संस्थांनींही पाहण्यासारखें आहे. मूल समोर नसतां शिकलेली रीत कागदावरच राहते.

आतां आपल्या देशाकडे वळूं. मुंबईचे व्हिकार अपोस्तोलिक बिशप लिओ म्यूरिन हे येशूसंघीय, मूळचे बर्लिनचे. १८६७ पासून ते मुंबईस होते. त्यांच्या पुढाकारानें १८८५ च्या सुमारास मुंबईंत मूकबधिरांची संस्था निघाली. ती पुढें माझगांवांत नांवारूपास आली. अशा तऱ्हेची भारतांतील पहिली संस्था म्हणून ती गणली जाते. तिचे पहिले मुख्याध्यापक टी. ए. वॉल्श हे होत. बिशप म्यूरिन १८८७ सालीं मॉरिशस बेटावरील धर्मप्रांताकडे गेले व १८९५ सालीं तिकडेच वारले. त्यांच्या जाण्यानें शाळा बंद पडली नाहीं. संस्थापकाचें नांव सर्व पुस्तकांत येतें, वॉल्श ह्यांचें कोठें एखाद्या ओळींत. पण संस्थापक परदेशीं गेल्यावरही रोज सकाळीं वर्ग भरतो तो शिक्षक असतो म्हणून.

ही संस्था ज्या वेळीं जन्मली ती वेळ बधिरांच्या शिक्षणांत मोठी वादळी होती. १८८० सालीं इटलींतील मिलान शहरीं बधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्षस्थानीं जूलिओ तार्रा हे धर्मगुरुच होते. मुलांना केवळ तोंडानें बोलावयास व ओंठ वाचावयास शिकवावें, खुणा वर्गांतून घालवाव्या, असा ठराव तेथें झाला. दीडशेंहून अधिक प्रतिनिधि जमले होते. त्यांत स्वतः बधिर असलेला एकच. ह्या ठरावाचा पहिला घाव मुलांवर नव्हे तर शिक्षकांवर पडला. लोराँ क्लेरसारखे जे बधिर शिक्षक होते त्यांना वर्गांत जागा उरली नाहीं, आणि पुढें दोन-तीन पिढ्यांचे नवे शिक्षक एकाच रीतीनें तयार झाले. ज्यांना थोडें ऐकूं येतें अशा कित्येक मुलांना त्या रीतीनें वाचा आली, हें आम्ही मान्य करितों. परंतु ज्यांना मुळींच ऐकूं येत नव्हतें, त्यांचे हात बांधले गेले आणि ओंठही उघडले नाहींत. २०१० सालीं व्हँकूव्हर येथें भरलेल्या ह्याच परिषदेनें मिलानच्या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला. मध्यें एकशें तीस वर्षें गेलीं. आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठीं व तिच्या शिक्षकांसाठीं दिल्लींत स्वतंत्र केंद्र निघालें तें २०१५ सालीं.

कलकत्त्याची बधिरशाळा १८९३ सालची. तिच्या संस्थापकांपैकीं जामिनीनाथ बॅनर्जी हे शाळा निघाल्यावर लौकरच इंग्लंड व अमेरिका येथें जाऊन ही विद्या शिकून आले, आणि त्या शाळेच्या आश्रयानें शिक्षक तयार करण्याचेंही काम चाललें. परदेशांतून शिक्षक न आणतां आपलाच माणूस शिकून यावा व त्यानें येथल्यांस शिकवावें, हा विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो.

अंधांच्या बाबतींत महाराष्ट्रांत जें घडलें त्यामागें दुष्काळ होता. १८९६-९७ व १८९९-१९०० ह्या दोन दुष्काळांनीं कितीएक मुलें पोरकीं केलीं, आणि त्यांत अंध मुलेंही होतीं. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस अ‍ॅना मिलर्ड ह्यांनीं १९०० सालीं मुंबईंत अंधांची शाळा काढली. दादरची शाळा ती हीच. केडगांवच्या मुक्तिसदनांत पंडिता रमाबाईंची कन्या मनोरमाबाई ह्यांनीं स्वतः ब्रेल लिपि शिकून घेतली आणि तेथील अंध स्त्रियांना व मुलींना ती शिकविली. शुभवर्तमानांतील यरीहोच्या अंध भिकाऱ्याच्या नांवावरून त्या विभागास ‘बर्तिमी सदन’ म्हणत. ह्या दोन्ही संस्था आमच्या कॅथोलिक मंडळींच्या नव्हत, म्हणून त्यांचा उल्लेख टाळणें लहानपणाचें होईल. मनोरमाबाईंचें काम तर आम्हांस विशेष वाटतें; दुसऱ्यास शिकविण्याकरितां डोळस बाईनें बोटांनीं वाचावयास शिकणें, ही साधी गोष्ट नव्हे.

पुढें त्या शिक्षकांसमोर एक विलक्षण अडचण उभी राहिली. ब्रेलमध्यें सहा ठिपके असतात आणि त्यांच्या त्रेसष्ट आकृति होतात. कोणती आकृति कोणत्या अक्षरास द्यावी, हें प्रत्येक मिशननें व प्रत्येक प्रांतानें आपापल्या परीनें ठरविलें. एका लिपींत तयार झालेला शिक्षक दुसऱ्या शाळेंत गेला तर तो निरक्षर ठरे! १९५१ सालीं भारतीय भाषांसाठीं एकच भारती ब्रेल ठरली तेव्हां हा गोंधळ मिटला. तिच्यांतही शिक्षकानें ध्यानांत ठेवण्याजोग्या बारीक गोष्टी आहेत. आपण ‘कि’ लिहितांना ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीं काढतों. ब्रेलमध्यें ती उच्चाराप्रमाणें नंतर येते. हें ज्यास ठाऊक नाहीं तो मुलाचें बरोबर लिहिलेलेंही चूक म्हणून खोडील.

ज्यांची समज संथ आहे अशा मुलांकडे समाजाचें लक्ष सर्वांत उशीरां गेलें. रोममध्यें १९०० सालीं अशा मुलांसाठीं शिक्षक तयार करणारी एक शाळा निघाली आणि तिच्याशीं मारिया माँटेसरी ह्या तरुण डॉक्टरबाईंचा निकट संबंध होता. आज श्रीमंतांचीं मुलें ज्या माँटेसरी शाळांत जातात, त्यांतील मणी, ठोकळे व खरखरीत कागदाचीं अक्षरें ह्यांचें मूळ त्या मुलांच्या वर्गांत आहे, हें फार थोड्यांना ठाऊक असतें. जी रीत सर्वांत मागें राहिलेल्या मुलास उपयोगी पडली, ती इतर मुलांनाही मानवली. माँटेसरीबाई १९३९ सालीं मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळें १९४६ पर्यंत भारतांतच राहिल्या. त्या काळांत त्यांनीं पुष्कळ शिक्षक तयार केले. त्यांच्या विचारांस आपल्या मातीचें रूप देण्याचें काम ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनीं केलें. १९४५ सालीं बोर्डीस त्यांचें ग्राम बालशिक्षण केंद्र निघालें. तेथें महागड्या साहित्याच्या जागीं चिंचोके, शंख-शिंपले व पानें आलीं. मुंबईंत १९४४ सालीं वकील दांपत्यानें आपल्या दीना नांवाच्या कन्येच्या निमित्तानें शाळा काढली, आणि १९६४ सालीं पुण्यांत सिंधूताई जोशी ह्यांनीं ‘कामायनी’ सुरू केली.

ईटच्या वाचकाच्या ध्यानांत आलें असेल कीं, आतांपर्यंत मुंबई, पुणें, केडगांव, बोर्डी हीं नांवें आलीं. आमच्या ह्या मुलुखाचें एकही नाहीं. त्याचें कारण नकाशांत आहे. बार्शी इंग्रजी मुलुखांत होती आणि उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या राज्यांत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ही सरहद्द कायम होती. मुंबईंत जें शिक्षणकार्य वाढलें त्याचा ओघ ह्या बाजूस सहज आला नाहीं. त्यापुढें १९५६ सालीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला. येथें एक योगायोग नमूद करावासा वाटतो. १९८३ सालीं वांद्रे येथें श्रवणदोष असलेल्यांसाठीं जी राष्ट्रीय संस्था निघाली आणि जी ह्या क्षेत्रांतील शिक्षक व तज्ज्ञ तयार करिते, तिला अली यावर जंग ह्यांचें नांव आहे. हे गृहस्थ हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठाचे एके काळचे कुलगुरु, व पुढें महाराष्ट्राचे राज्यपाल. निजामी मुलुखांतील माणसाचें नांव त्या विद्येच्या दारावर लागलें, मात्र त्या दारापर्यंतची वाट आमच्या खेड्यांसाठीं लांबच राहिली.

कायद्यांचा इतिहास आम्ही थोडक्यांत आटोपतों. सरकारनें १९७४ सालीं अपंग मुलांना साध्या शाळेंत घेण्याची योजना काढली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणास ह्या दृष्टीनें नवें वळण द्यावें असें स्पष्ट सांगितलें. १९८७ सालीं युनिसेफच्या साह्यानें एक प्रयोग झाला व त्यांत महाराष्ट्रही होता. त्या प्रयोगाची बांधणी आम्हांस अजूनही शहाणपणाची वाटते: निवडलेल्या गटांतील सर्व शिक्षकांना आठवड्याभराची ओळख, त्यांतील दहांत एकास सहा आठवड्यांचें शिक्षण, आणि आठ-दहा जणांस पूर्ण एक वर्षाचें. गांवांतील दवाखाना, तालुक्याचें रुग्णालय व जिल्ह्याचा मोठा डॉक्टर अशी जी पायरीपायरीची सोय आपण आजाऱ्यासाठीं करितों, तीच येथें होती. १९९२ च्या कायद्यानें भारतीय पुनर्वास परिषदेस अधिकार मिळाले आणि विशेष शिक्षकाची पदविका, पदवी व नोंदणी ह्यांस शिस्त आली. १९९५ चा कायदा सात प्रकारची विकलांगता मानीत असे, २०१६ चा एकवीस प्रकार मानतो. आणि २८ ऑक्टोबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, साध्या शाळांतून अशा दहा मुलांमागें प्राथमिक वर्गांत एक व त्यावरील वर्गांत पंधरांमागें एक विशेष शिक्षक असावा. तोपर्यंत फिरत्या शिक्षकांनीं काम चालवावें. आणि इतर शिक्षकांनाही सक्तीनें प्रशिक्षण द्यावें.

ह्या निकालांतील शेवटचा भाग लोक विसरतात, आणि ईटसारख्या गांवाचें भवितव्य आमच्या मतें त्याच भागावर आहे. एका शाळेंत असें मूल एक किंवा दोन असणार. त्यांच्यासाठीं पूर्ण वेळचा विशेष शिक्षक खेड्यांत येऊन राहील, ही आशा धरणें कठीण. फिरता शिक्षक येतो, पण त्याच्याकडे अनेक शाळा असतात. तो दिवस संपला कीं पुढच्या फेरीपर्यंत मूल पुन्हा नेहमींच्या गुरुजींच्या किंवा बाईंच्या हातीं. जिल्ह्याच्या गांवीं वसतिगृहाची शाळा असते, तिचें महत्त्व आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु सहा वर्षांचें बधिर लेकरूं आईपासून दूर नेलें म्हणजे आईला त्याच्या खुणा कळत नाहींत आणि सुटींत घरीं आल्यावर तें पाहुण्यासारखें बसतें. म्हणून जो शिक्षक गांवांत रोज आहे, त्यालाच हें शिकविलें पाहिजे. आणि तें शिकविणें म्हणजे पांच दिवस सभागृहांत बसवून चहा व प्रमाणपत्र देणें नव्हे. काब्राच्या भगिनींप्रमाणें त्यानें मुलासमोर शिकावयास हवें.

काय शिकावयाचें, हें एका शब्दावरून सांगतों. ‘ईट’ हाच शब्द घ्या. ओंठ वाचणाऱ्या मुलास ‘ई’ दिसते, कारण ओंठ ताणले जातात. ‘ट’ दिसत नाहीं, कारण जीभ आंत टाळ्याला लागते. ‘ईट’ म्हटलें काय नि ‘ईत’ म्हटलें काय, मुलाला सारखेंच. प, ब व म हे तीन ओंठांवर एकसारखे दिसतात. ‘पाय’ आणि ‘बाय’ ह्यांतील भेद ओंठ सांगत नाहींत. म्हणून ‘ब’ साठीं मुलाचा हात गुरुजींच्या गळ्यावर ठेवावा लागतो, तेथें कंप लागतो. ‘प’ आणि ‘फ’ ह्यांतील फरक तोंडासमोर कागदाची चिंधी धरली म्हणजे ती किती उडते त्यावरून कळतो. गुरुजींनीं खिडकीकडे पाठ करून उभें राहिलें तर त्यांचा चेहरा काळोखांत जातो व ओंठ दिसत नाहींत. फळ्याकडे तोंड करून बोललें तर तें बोलणें त्या मुलापुरतें झालेंच नाहीं. जेथें ओंठ अपुरे पडतात तेथें खूण लागते, आणि ती खूण सबंध वर्गानें शिकली तर मूल मधल्या सुटींतही एकटें राहत नाहीं. संथ समजेच्या मुलास हात धुणें शिकवावयाचें तर तें एक काम नसून आठ-दहा कामें आहेत; नळ उघडण्यापासून पंचा जागेवर ठेवण्यापर्यंत प्रत्येक वेगळें शिकवावें लागतें. ह्यांत मोठी विद्वत्ता नाहीं. पण कोणीतरी दाखविल्यावांचून तें सुचतही नाहीं.

आणखी एक गोष्ट ह्या भागापुरती आहे, आणि पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत ती सांपडणार नाहीं. दसरा-दिवाळी झाली कीं येथलीं कितीएक कुटुंबें ऊसतोडीला जातात; लेकरूंही बैलगाडीवर किंवा ट्रॅक्टरवर बसून कारखान्याच्या तळावरील कोपीवर जातें. चार-पांच महिन्यांत इतर मुलें जें विसरतात तें परत आल्यावर थोड्या दिवसांत भरून निघतें. ह्या मुलाचें सर्वच पुसलें जातें, कारण तेथल्या शिक्षकास तें काय जाणतें हें ठाऊक नसतें आणि मूल स्वतः सांगूं शकत नाहीं. अशा वेळीं गांवच्या शिक्षकानें एक साधा कागद लिहून आईच्या पदरीं बांधून द्यावा: हा डाव्या बाजूनें हांक मारल्यास वळून पाहतो, पाण्याची, भुकेची व आजारपणाची खूण करितो, त्या खुणा अशा, पांचपर्यंत मोजतो, सहाला अडतो, चित्र दाखविल्यास बैल, भाकरी, घर ओळखतो, रागावल्यास टेबलाखालीं जाऊन बसतो, तेव्हां ओढूं नये, थोडा वेळ थांबावें.